फोन उघडला होता औषध बघायला

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. रात्री पावणेनऊच्या सुमाराला आईने आतून विचारलं, "अगं, ती गुलाबी गोळी रात्री अर्धी की एक?" डॉक्टरांनी डोस बदलल्याला दोनच दिवस झाले होते आणि नव्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. "थांब हं, बघून सांगते," म्हणत मी फोन उचलला. चिठ्ठी शोधायच्या आधी वर एक सूचना दिसली, तिच्यावर बोट पडलं. पुढचं मला धड आठवत नाही. मान वर केली तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि आई खुर्चीतच झोपली होती. गोळ्यांची पट्टी हातात तशीच.

काही बिघडलं नाही. तिला उठवलं, चिठ्ठी बघितली, अर्धी गोळी दिली. ती रागावलीसुद्धा नाही. "कामात होतीस ना," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं.

त्यानंतरचे तीन महिने मी माझ्या फोनशी आणि त्यातल्या खात्यांशी जी काही झटापट केली, ती इथे तारखेवार लिहून ठेवतेय. फोन सोडलेला नाही, सोडायचाही नव्हता. माझं काम मजकूर तपासायचं, ते सगळं पडद्यावरच चालतं. त्यामुळे 'डिजिटल डिटॉक्स' या शब्दाचा मला काही उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागच आहे. याआधी दोनदा तो प्रकार करून झाला होता. दोन्ही वेळा तिरमिरीत ॲप्स उडवली आणि चौथ्या दिवशी गुपचूप परत घेतली.

म्हणून या वेळी ठरवलं की पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, नुसतं बघायचं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनवर 'स्क्रीन टाइम'. दोन्ही सोयी २०१८ साली आल्या. इतकी वर्षं माझ्या फोनमध्ये ते पान होतं आणि मी ते एकदाही उघडलं नव्हतं. १२ ते १८ फेब्रुवारीचे आकडे वहीत उतरवले: दिवसाला सरासरी ५ तास १२ मिनिटं, ११८ वेळा फोन उघडला, २६४ सूचना आल्या.

तासांचा आकडा बघून पोटात गोळा आला, पण दोन दिवसांत लक्षात आलं की त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. दादाशी मी पाऊण तास व्हिडिओ कॉलवर बोलले, आणि त्याच दिवशी कुणा अनोळखी माणसाचं घर आवरतानाचे व्हिडिओ पाऊण तास बघितले. फोनच्या लेखी दोन्ही सारखेच. मला हवा होता तो फरक त्या पानावर कुठेच नव्हता.

मग रविवारी, १६ तारखेला, एक साधा प्रयोग केला. वहीच्या पानावर दोन रकाने आखले, 'कामाने' आणि 'उगाच'. फोन उघडला की ज्या त्या रकान्यात एक रेघ. रात्री मोजलं तर 'कामाने' २३ आणि 'उगाच' ३८, एकूण ६१. मनात म्हटलं, चला, वाटलं होतं तेवढं वाईट नाही. मग फोनचं पान उघडलं. त्याने त्या दिवशी १०४ वेळा मोजलं होतं.

वही शेजारी, पेन हातात, दिवसभर डोक्यात तोच विषय, आणि तरी ४३ वेळा मी फोन उघडला ते मला कळलंसुद्धा नव्हतं. ५ तास १२ मिनिटांपेक्षा या त्रेचाळीसने मी हबकले. कुणाला हे सगळं करून बघायचं असेल तर इतर काही करू नका, हा एक दिवस तेवढा करा. वही आणि पेन, बस्स.

१९ फेब्रुवारीला स्वतःची माहिती मागवली. हे आपल्याला करता येतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. युरोपात तर जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १५ खाली तो माणसाचा हक्कच आहे आणि कंपनीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. बाकी ठिकाणीही बहुतेक मोठ्या सेवांनी सोय ठेवलेली आहे. गूगलची 'टेकआउट' २०११ पासून आहे. तिथे मी पहिली चूक केली. यादीत सगळ्याच खुणा आधीपासून केलेल्या असतात, त्या तशाच ठेवून 'पुढे' दाबलं. परिणाम असा की सगळे फोटो, सगळ्या मेल, सगळं दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत बांधून येऊ लागलं. ते उतरवायचं कधी या विचारात आठवडा गेला आणि लिंकची मुदत संपली. दुसऱ्यांदा शहाणी झाले: आधी 'सगळ्यांची निवड रद्द' दाबायचं, मग फक्त बघितलेल्या आणि शोधलेल्या गोष्टींचा इतिहास निवडायचा. फाइल कुठल्या स्वरूपात हवी तेही विचारतात. नुसतं वाचायचं असेल तर एचटीएमएल घ्या, ब्राउझरमध्ये उघडते. आकडेमोड करायची असेल तर जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणारं स्वरूप. ही छोटी फाइल तासाभरात आली.

दुसरा अर्ज होता मी सर्वांत जास्त वापरत असलेल्या एका सोशल मीडियाकडे. त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कमीअधिक फरकाने बऱ्याच ठिकाणी होतं. तिथे 'तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो' असं लिहून आलं. रोज मेल बघत होते. फाइल नवव्या दिवशी आली, २८ फेब्रुवारीला, आणि लिंक चारच दिवस चालणार होती. म्हणजे वाट बघायला तीस दिवस आणि उतरवायला चार. फोनमध्ये नको, सरळ संगणकावर उतरवून घ्या, आणि मुदतीची तारीख कुठेतरी लिहून ठेवा.

फाइल उघडून मी पहिल्यांदा शोधली ती ११ फेब्रुवारीची रात्र.

सापडली. ८ वाजून ४७ मिनिटांपासून ९ वाजून १४ मिनिटांपर्यंत एकाखाली एक नोंदी. तारीख, वेळ सेकंदासकट, खात्याचं नाव. २७ मिनिटांत ५२ व्हिडिओ, म्हणजे सरासरी ३१ सेकंदाला एक. खाली खाली सरकत ते सगळे वाचले. त्यातले तीन आठवले. एक गंजलेलं जुनं कुलूप कुणीतरी उघडून साफ करत होतं तो, एक मांजराचा, आणि एक माझ्याच ओळखीतल्या मुलीच्या कामाचा. उरलेले ४९ मी पाहिले असं फाइल सांगते, म्हणून मानायचं.

त्या यादीकडे बघत असताना स्किनरच्या कबुतरांची गोष्ट पहिल्यांदा खरी समजली. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं होतं, की चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल तर पक्षी भुकेपुरती चोच मारतो; पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो मारतच सुटतो. बावन्नातले तीन चांगले होते. कोणते तीन, हे आधी कळत नाही, म्हणून तर बावन्न बघितले जातात. सगळेच्या सगळे रद्दी असते तर मी दुसऱ्या मिनिटाला फोन ठेवून आईला डोस सांगितला असता.

आणि पान संपत नाही हीही भानगड आहेच. पूर्वी संकेतस्थळाच्या तळाशी '१, २, ३, पुढे' असायचं. ते 'पुढे' दाबताना क्षणभर का होईना, माणूस थांबायचा. अझा रास्किन या डिझायनरने २००६ साली न संपणाऱ्या पानाची कल्पना काढली ती दर वेळी 'पुढे' दाबायचा त्रास वाचावा म्हणून. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मला त्याच्यावर चिडता आलं नाही. त्रास वाचावा म्हणूनच तर मीही सगळी ॲप्स पहिल्या पानावर मांडून ठेवली होती.

३ मार्च, सोमवार. सूचनांची झाडाझडती. माझ्या फोनमध्ये ८३ ॲप्स निघाली. एकेकाचं पान उघडून ठरवायला अडीच तास लागले, आणि हे काम कंटाळवाणं आहे हे आधीच सांगते. मी एकच कसोटी लावली: ही सूचना एखाद्या माणसाने मला उद्देशून पाठवली आहे, की यंत्राने मला बोलवायला पाठवली आहे? 'ताईने मेसेज केला' हे माणसाचं. 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत' हे यंत्राचं. 'अमुक माणसाने बऱ्याच दिवसांनी काहीतरी टाकलंय' हे माणसाचा मुखवटा घातलेलं यंत्र, आणि मी सगळ्यात जास्त वेळा याच्याच मागे जात होते. ११ फेब्रुवारीची सूचनाही याच जातीची होती.

अडचण अशी की काही ॲप्स पूर्ण गप्प करता येत नाहीत. बँकेचं हवं असतं, पण त्याच वाटेने कर्जाच्या जाहिराती येतात. अँड्रॉइडवर यावर उपाय आहे. सूचना आली की ती दाबून धरायची; तिच्या प्रकाराचं नाव दिसतं आणि तेवढाच प्रकार बंद करता येतो, व्यवहाराच्या सूचना चालू राहतात. ही सोय २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. मात्र प्रकार कसे पाडायचे ते ॲप बनवणाऱ्यांच्या हातात असतं, आणि काही जण जाहिरात आणि हिशेब मुद्दाम एकाच प्रकारात कोंबतात. अशी दोन ॲप्स मी काढूनच टाकली आणि ब्राउझरमधून वापरते.

दुसऱ्या दिवशी ३१ सूचना आल्या. बरं वाटायला हवं होतं, पण मला बेचैन वाटत होतं. फोन बिघडला की काय असं वाटून मी दोनदा आवाज तपासला. हे साधारण पाच दिवस टिकलं.

त्याच आठवड्यात वेळेची मर्यादा घालून पाहिली. व्हिडिओच्या ॲपला दिवसाला तीस मिनिटं. तीस मिनिटं झाली की त्याचं चित्र फिकं पडतं आणि ते उघडत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन मर्यादा उठवता येते, पण तसं केलं तर हरल्यासारखं वाटेल म्हणून मी ते करत नव्हते. मी काय करत होते, तर ही मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते हे मला कळलं होतं. ६ मार्चला रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी मी अंथरुणात जागी होते, डोळे मिटत होते, आणि बारा वाजायची वाट बघत होते. बारा वाजले, चित्राला रंग आला, मी उघडलं. हे लिहितानाही लाज वाटतेय, पण मर्यादा घालून घेणारे बाकीचेही हेच करत असतील अशी मला दाट शंका आहे. दुसऱ्या दिवशी गजराचं घड्याळ आणलं आणि फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायला लागले. या सगळ्या खटाटोपात पैशाचा खर्च म्हणाल तर ते एक घड्याळ आणि एक वही.

८ मार्चला बघितलेल्या व्हिडिओंचा इतिहास ठेवणं बंद केलं आणि जुना पुसला. २०२३ च्या ऑगस्टपासून यूट्यूबवर असं केलं की पहिल्या पानावर शिफारशी येतच नाहीत. शोधायची चौकट तेवढी राहते. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. ते पांढरं पान उघडून मी चक्क अर्धा मिनिट नुसती बघत बसले. काय शोधायचं तेच सुचेना. इतकी वर्षं समोर येईल ते घेत आले होते; काय हवंय हे स्वतःहून सांगायची सवयच उरली नव्हती. शेवटी जुन्या कुलुपांविषयी शोधलं. दोन व्हिडिओ बघितले, मोठे, सावकाश, आणि कुलूप आतून कसं चालतं ते मला अजून सांगता येईल.

एक तोटाही सांगते. इतिहास पुसला की अर्धवट राहिलेले व्हिडिओ कुठपर्यंत बघितले तेही जातं. कामाचे व्हिडिओ आधी यादीत टाकून ठेवा. आणि 'आपोआप पुढचा' हे प्रकरण फोन, संगणक, टीव्ही अशा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं बंद करावं लागतं. मला वाटलं एकदा केलं की झालं. टीव्हीवर ते आणखी आठवडाभर सुखाने चालू होतं.

१० मार्चला पडदा करडा केला. रंग काढले की फोनची ओढ कमी होते असं सगळे सांगतात, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. लाल ठिपका करडा झाला की तो नुसता ठिपका उरतो. पण सहाव्या दिवशी आईने पुन्हा गोळीचं विचारलं. या वेळी मी शहाण्यासारखी सरळ चिठ्ठीपाशी गेले, सोबत पट्ट्यांचाही फोटो होता, आणि त्या करड्या फोटोत गुलाबी कुठली आणि पांढरी कुठली ते काही केल्या कळेना. आई म्हणाली, "पूर्वी फोनमध्ये हरवायचीस, आता फोनमध्ये गोळ्या हरवल्या." त्या संध्याकाळी डोस मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. करडा पडदा आता फक्त रात्री नऊनंतर आपोआप होतो.

१५ मार्च, शनिवार. तो सोशल मीडिया, नवव्या दिवशी फाइल देणारा, त्यावरचं खातं बंद करायचं ठरवलं. बाकी सगळीकडे वापर बदलला होता, इथे जमत नव्हतं. एक गोष्ट बघायला जायचं आणि वीस बघून यायचं. इथला भाग जरा तपशीलवार लिहिते, कारण मी सगळ्यात जास्त इथेच अडखळले.

खातं काढायचं बटण सापडायला सहा पडदे ओलांडावे लागले. 'तात्पुरतं बंद' आणि 'कायमचं काढा' हे दोन वेगळे पर्याय असतात; पहिला ठळक, दुसरा बारीक. कारण विचारतात, आणि निवडाल त्या कारणावर एक उपाय सुचवतात. 'फार वेळ जातो' निवडलं तर 'सूचना कमी करून बघा' असं आलं. त्यानंतर पाच ओळखीच्या माणसांचे फोटो, खाली 'यांना तुमची आठवण येईल'. त्यात माझी एक मैत्रीण होती, जी त्या क्षणी शेजारच्या खोलीत बसलेली होती. वापरणाऱ्याला नको तिकडे वळवणाऱ्या अशा रचनांना हॅरी ब्रिगनल या डिझायनरने २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, आणि युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात कलम २५ खाली त्यांना मनाई आहे. नाव माहीत असल्याचा फायदा एवढाच झाला की मला हसू आलं आणि बोट थांबलं नाही.

काढण्याआधीची कामं: फोटो उतरवून घेणं, ज्यांचा संपर्क फक्त तिथेच आहे त्यांचे नंबर मागून घेणं (मी अकरा जणांना लिहिलं, आठ जणांनी उत्तर दिलं), एका गटाची मी व्यवस्थापक होते ते पद दुसऱ्याला देणं, आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या खात्याने कुठे कुठे 'लॉग इन' केलंय ते तपासणं. यादी सेटिंग्जमध्ये सापडते. मी ती वरवर पाहिली. तीस दिवसांची मुदत, म्हणजे १४ एप्रिलला खातं जाणार होतं. तोवर एकदाही लॉग इन करायचं नाही.

१० एप्रिलला, सव्विसाव्या दिवशी, मला ऑनलाइन शब्दकोशाचं एक जुनं ॲप हवं होतं. कामात होते, घाईत 'या खात्याने पुढे जा' असं निळं बटण दिसलं, दाबलं. दोन मिनिटांत मेल: पुन्हा स्वागत आहे, तुमचं खातं काढण्याची विनंती रद्द झाली आहे. मी तिकडे गेलेसुद्धा नव्हते. त्याच्या किल्लीने दुसरंच दार उघडलं होतं, तरी तेवढं पुरलं.

पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग पुन्हा सहा पडदे, पुन्हा कारण, पुन्हा पाच फोटो. नवी तारीख १० मे. ती यादी वरवर पाहू नका. प्रत्येक ठिकाणी आधी मेल आणि पासवर्ड घालून वेगळं लॉग इन करून घ्या, ते चालतंय याची खात्री करा, मगच अर्ज.

मधल्या काळात एक पडझडही झाली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तापाने पडून होते. एका दिवशी फोनने ७ तास ४० मिनिटं दाखवली. अपराधी वाटून वही काढली, पण लिहिताना लक्षात आलं की त्यातले निम्मे तास फार छान गेले होते. डोकं दुखत असताना एक सबंध मालिका बघितली, ठरवून, आनंदाने. ते 'उगाच' नव्हतं. नुसतं पडून बघणं म्हणजे वाईट आणि काहीतरी करणं म्हणजे चांगलं, असा माझा एक सोपा हिशेब होता, तो तिथे मोडला. संशोधकांचंही तसंच झालेलं दिसतं. फिलिप वर्दुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की फेसबुकवर नुसतं बघत राहण्याने मन खट्टू होतं. पुढच्या वर्षांत इतरांनी आक्षेप घेतला की 'नुसतं बघणं' या एका टोपलीत फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. मला ते पटतं. वादावादीच्या धाग्यात रात्री बारा वाजता आठ उत्तरं लिहिणं हे तर भलतंच सक्रिय असतं, आणि त्यानंतर झोप लागत नाही.

तेव्हापासून वहीतले रकाने बदलले. आता 'कामाने' आणि 'उगाच'ऐवजी एकच प्रश्न आहे: उघडताना काय हवं होतं ते मला सांगता येतंय का? 'कंटाळा आलाय, मांजरं बघायची आहेत' हेही उत्तर चालतं. फोनच्या कुलूपपडद्यावर मी चित्र काढून टाकून एकच शब्द ठेवला आहे, 'कशाला?'. पहिला आठवडा तो टोचतो. तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो. मग मी अक्षराचा रंग बदलते.

वाचनासाठी जुन्या आरएसएसकडे, म्हणजे आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवीन लिखाण एका जागी आणून देणाऱ्या तंत्राकडे, परतले. हे तंत्र १९९९ चं, आणि गूगलने ते वाचायचं आपलं 'रीडर' २०१३ मध्ये बंद केल्यावर बऱ्याच लोकांना वाटलं की ते मेलं. मेलेलं नाही. मी चौदा ठिकाणं निवडली आहेत. नवीन जेवढं आलं तेवढंच दिसतं, वेळेच्या क्रमाने, आणि मग पान संपतं. संपतं! पहिल्या दिवशी वीस मिनिटांत संपलं तेव्हा मी सवयीने अंगठा आणखी तीनदा वर सरकवला.

अंगठ्याचं एक सांगायलाच हवं. त्या सोशल मीडियाचं ॲप काढून महिना झाला तरी माझा अंगठा पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ते चित्र असायचं, तिथे जाऊन टेकत होता. रिकाम्या जागेवर. संगणकावर त्याहून वाईट: नवी खिडकी उघडली की बोट आपोआप एक अक्षर दाबायचं आणि ब्राउझर उरलेला पत्ता पुरा करून द्यायचा. सुचवलेला पत्ता दिसतो तेव्हा खालच्या बाणाने त्याच्यावर जाऊन शिफ्ट आणि डिलीट दाबलं की बहुतेक ब्राउझर तो विसरतात. अंगठ्याला मात्र असं काही करता येत नाही. मी त्या कोपऱ्यात शब्दकोश ठेवला. आता दिवसातून पाच-सहा वेळा विनाकारण शब्दकोश उघडतो.

गमावलं काय, तेही लिहिते. एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोपाचा कार्यक्रम झाला, त्याचं आमंत्रण फक्त त्या सोशल मीडियावर फिरलं. मला कळलं तेव्हा तो होऊन गेला होता. मैत्रीण म्हणाली, "तू तिथे नाहीसच, मग कळणार कसं?" तिचं चुकलं नाही. माझंही चुकलं असं मला म्हणवत नाही. वाईट वाटायचं ते वाटलंच. त्याला मी फोन केला, तासभर बोललो, पण कार्यक्रम तो कार्यक्रम.

४ मे, रविवार. पुन्हा दिवसभर रेघा मारल्या. फोनने मोजलं ५८, मी मोजलं ४९. न कळता उघडला असे ९. त्या आठवड्याची सरासरी ३ तास ४० मिनिटं आली, म्हणजे तास काही फार उतरले नाहीत. ५ तास १२ मिनिटांवरून मोठी उडी अपेक्षित असेल तर निराशा होईल. मी वहीत त्रेचाळीस खोडून शेजारी नऊ लिहिलं, तासांच्या आकड्याला हात लावला नाही.

१० मेला खातं जायचं होतं. सकाळपासून मेल बघत होते. काहीतरी येईल, निदान 'निरोप' असं काही. काहीच आलं नाही. संध्याकाळी तिथे खातं असलेल्या ओळखीच्या एकाला माझं नाव शोधायला सांगितलं, सापडलं नाही. स्वतः लॉग इन करून खात्री करायचा मोह झाला होता, पण एप्रिलनंतर त्या बटणाच्या वाटेला जायची माझी हिंमत नाही. सर्व्हरवरून माहिती पूर्ण पुसायला नव्वद दिवस लागू शकतात असं अटींमध्ये लिहिलंय, म्हणजे ८ ऑगस्टपर्यंत. तारीख वहीत टाकून ठेवली आहे.

डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात डोस पुन्हा बदलला. गुलाबी गोळी आता पूर्ण. घरी आल्या आल्या चिठ्ठीचा फोटो काढला, आणि मग कपाटाच्या दारावरचा कागदही बदलला.